मिठाने खाल्लेली चाकं : मोटरहोमच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांच्या कामाच्या नोंदी

२६ एप्रिल २०२५, शनिवार

हिवाळाभर झाकून ठेवलेलं मोटरहोम, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, आज बाहेर काढलं. २००६ चं, ३६ फुटी, इंजिन मागे, फ्रेटलायनरची चासी. पुढच्या डाव्या टायरची हवा याही वेळी उतरलेली. ऑक्टोबरात ११० पीएसआय भरली होती, आज गेज ८२ दाखवतंय. बाकीचे टायर पाच-सातने खाली आहेत, ते थंडीमुळे. पण अठ्ठावीस पीएसआय थंडीच्या नावावर खपत नाहीत.

साबणाचं पाणी फवारलं. व्हॉल्व्हपाशी काही नाही, ट्रेडवर काही नाही. टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथे वीतभर लांबीत बारीक फेस यायला लागला. म्हणजे पंक्चर नाही. टायरच्या कडेखाली रिम खराब झाली आहे.

आमच्या गाडीला चाकं सहा. पुढे दोन, मागे जोडीची चार. पुढची दोन आणि मागची बाहेरची दोन अल्कोआ कंपनीची फोर्ज केलेली (दाबून घडवलेली) अ‍ॅल्युमिनियमची, मागची आतली दोन पोलादी. सगळी साडेबावीस इंची, सव्वाआठ इंच रुंद, दहा नटांची, हब-पायलट पद्धतीची. या पद्धतीत चाकाचं मधलं भोक हबवरच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या, पट्ट्यांवर बसतं आणि मध्य तिथेच साधला जातो; नटांचं काम फक्त दाबून धरायचं. चाकावर छापलेला कमाल भार ७,४०० पौंड.

दिसायला सगळीच वाईट, पण वाईटपणा दोन तऱ्हेचा आहे. पुढच्या दोन्हींवर राखाडी झाक, हाताने चाचपलं की खरखर लागते, आणि हाताच्या भोकांच्या, म्हणजे चाकाच्या तबकडीतल्या मोठ्या भोकांच्या, काठाने पांढरी पूड. मागच्या बाहेरच्या चाकांवर चमक बऱ्यापैकी शिल्लक आहे, पण चमकीच्या आत पांढरट दोऱ्यांसारख्या वेड्यावाकड्या रेघा पसरल्या आहेत. एका स्वच्छ फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन दोन्हीकडे घासून पाहिलं. पुढच्या चाकावर फडकं लगेच काळंकुट्ट झालं : धातू उघडा आहे. मागच्या चाकावर पांढरंच राहिलं : वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर आहे. अल्कोआच्या ड्युरा-ब्राइट, म्हणजे कारखान्यातूनच संस्कार होऊन आलेल्या, चाकांनाही फडकं काळं होत नाही, पण त्यांच्यावर तसं नाव छापलेलं असतं, इथे नाही. आधीच्या मालकाने कुठून तरी लॅकर मारून घेतलं असणार. अमुक पॉलिश आणू की तमुक हे ठरवण्याआधी ही फडक्याची परीक्षा करायलाच हवी. लॅकरवर कितीही पॉलिश घासलं तरी खालचे डाग जाणार नाहीत, आणि ड्युरा-ब्राइटवर घासलं तर चांगला थर खराब होईल.

२७ एप्रिल

आज पाऊस, म्हणून कागदावरचं काम.

चाकाचा मिश्रधातू ६०६१-टी६. त्यात मॅग्नेशियम साधारण एक टक्का, सिलिकॉन त्याहून थोडं कमी, आणि थोडंसं तांबं, थोडं लोखंड. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तोच त्याचं कवच असतो. पीएच साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान हे कवच टिकतं. त्याच्या खाली किंवा वर गेलं की विरघळतं. आणि पीएच मधलाच असला तरी क्लोराइड आलं की ते कवचाला नेमक्या कमकुवत जागी भोक पाडतं. ही कमकुवत जागा बहुधा धातूतल्या लोहयुक्त कणांच्या शेजारची असते.

खड्डा एकदा पडला की तो स्वतःची सोय स्वतःच करतो. आत विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी संयोग पावून आम्ल तयार करतं, आम्लाने आणखी धातू विरघळतो, आणि तोंडाशी पांढऱ्या हायड्रॉक्साइडचं बूच बसतं. त्यामुळे बाहेरून धुतलेलं पाणी आत पोचतच नाही. वरून मोहरीएवढा दिसणारा डाग आत रुंद निघतो तो यामुळे. आमच्याकडे आजी जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर ठेवू द्यायची नाही. त्या पातेल्यांच्या तळाला जी टोचे पडायची, तीच जात ही.

आता मीठ. आम्ही राहतो ओहायोच्या मेडिना काउंटीत, क्लीव्हलँडच्या दक्षिणेला. क्लीव्हलँडमध्ये लेक एरीच्या तळाखाली सुमारे १,८०० फूट खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. त्याच गावात अल्कोआच्या चाकांचा कारखाना. ट्रकचं फोर्ज केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पहिलं चाक या कंपनीने १९४८ मध्ये काढलं. चाक आणि त्याचा वैरी एकाच गावचे.

साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच होतं, कॅल्शियम क्लोराइड त्याहूनही आधी. बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर जी द्रावणं फवारतात त्यांत हीच असतात. म्हणजे शेडमध्ये उभी केलेली, कोरडी दिसणारी गाडीही त्या क्षारांपुरती वर्षभर ओलीच. आम्ही हिवाळ्यात गाडी चालवत नाही, पण मार्चअखेरीस फ्लोरिडाहून परतणारे आधीचे मालक चालवायचे, आणि घरी आल्यावर मागची बाजू कोणी धूत नसावं.

३ मे

टायरवाल्यांची फिरती गाडी घरी बोलावली. टायरही बदलायचेच होते. कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक २२१७, म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नाही, वयाने संपतात.

पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर घेतला. गाडीचे स्वतःचे लेव्हलिंग जॅक या कामाला वापरायचे नाहीत, एअर सस्पेन्शनवर तर अजिबात विसंबायचं नाही. नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हचा कोअर काढून हवा पूर्ण सोडली. डावं चाक हबला चिकटलेलं होतं. पायलट पट्ट्यांवर पांढरा आणि तांबडा असा मिश्र थर. कारागिराने चाकाला हात न लावता टायरवर रबरी मोगरीचे ठोके दिले, चाक फिरवून पुन्हा दिले, तेव्हा सुटलं.

टायर उतरवल्यावर फेस येत होता ती जागा नीट पाहता आली. बीड सीटवर, म्हणजे टायरची कड जिथे बसते त्या पट्टीवर, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद असा पांढरट पापुद्रा. नखाने उचलला तर कडक पूड होऊन निघाला आणि खाली काळसर राखाडी, दाणेदार धातू. मधोमध जुन्या टायरच्या रबराचा ठसा चिकटलेला. बाकीचा घेर मात्र जवळजवळ नवा. नेमकी हीच जागा का, याचं उत्तर बाहेरच्या कडेवर होतं : तिथे कधी काळी पोलादी क्लिपचं बॅलन्सिंगचं वजन ठोकलेलं होतं. क्लिपने ओरखडा काढला, ओरखड्यात क्षार बसले, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमची बॅटरी तयार झाली आणि गंज कडेवरून आत सरकत टायरखाली गेला. गंजाचं आकारमान मूळ धातूपेक्षा मोठं असतं, तो टायरच्या कडेला ढकलतो आणि हवेला वाट मिळते.

कारागिराने रिमच्या कडेची झीज गेजने तपासली. कड ठीक. म्हणाला, नवी चाकं घ्या, साडेतीनशे डॉलरपर्यंत एक पडेल. त्याच्या दृष्टीने बरोबर आहे. मजुरीच्या हिशेबाने घासत बसणं कोणालाच परवडत नाही. मी त्याला सांगितलं की चाकं ठेवून जा. आधी तपासू, मग ठरवू.

१० मे

परवा अण्णा आणि आई कोल्हापूरहून आले. अण्णा म्हणजे हयातभर उद्यमनगरात मशीनशॉप सांभाळलेला माणूस. बॅगा उघडायच्या आधी चाकापाशी जाऊन उभे. पहिला प्रश्न : “तडा बघितलास का?”

डाय पेनिट्रंटचे, म्हणजे तडे दाखवणाऱ्या रंगाचे, डबे आणलेच होते. अण्णांच्या तोंडी ती ‘डीपी’. दोन्ही चाकं धुऊन, डिग्रीझ करून, वाळवून लाल रंग फवारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि पांढरा डेव्हलपर मारला. नटांच्या भोकांभोवती आणि हाताच्या भोकांच्या काठांवर आरपार पाहिलं. तड्याची रेघ असती तर पांढऱ्यावर लाल धागा उमटला असता. उमटले ते लाल ठिपके, म्हणजे खड्डेच. चाकं वाचवण्यासारखी आहेत हे तेव्हा नक्की झालं. तडा दिसला असता तर चाक भंगारात. फोर्ज केलेल्या चाकाला वेल्डिंग नाही, टॉर्च नाही. टी६ म्हणजे भट्टीत कमावलेली ताकद. उष्णता दिली की ती उतरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. पावडर कोटिंगच्या भट्टीची कल्पनाही याच कारणाने बाजूला ठेवली.

मग बीड सीट. लाल स्कॉचब्राइट आणि स्टेनलेस स्टीलचा हातब्रश. साध्या पोलादी तारांचा ब्रश वापरला की त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि प्रत्येक कण नव्या खड्ड्याचं बी होतो. पापुद्रा पूर्ण निघाल्यावर डायल गेजच्या टोकदार पिनने खोली मोजली : सर्वांत खोल ०.३ मिलीमीटर. या पट्टीला चकाकी नको. तिथे सपाट, घट्ट, धूळरहित धातू हवा. इपॉक्सी वगैरे काही भरायचं नाही. सैल पूड काढायची, कडेचे कंगोरे मारायचे, आणि थांबायचं.

चाकाची मागची बाजू, जी हबला टेकते, तीही तशीच साफ केली. ही पाठ दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात. खरं तर चाक जागेवर राहतं ते या पाठीच्या दाबावर. तिथे गंजाचा थर राहिला तर नट आवळताना टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरा दिसतो, आणि पुढे थर चुरडला की नट सैल.

१७ मे

आज पुढच्या डाव्या चाकाचा दर्शनी भाग. पाण्याखाली पॉलिश पेपर, ३२० पासून.

अ‍ॅल्युमिनियम कोरडं घासायचं नाही. बारीक धूळ पेट घेते, आणि त्याच जागी कोणी लोखंडावर ग्राइंडर चालवला असेल तर अ‍ॅल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाचा गंज हे एकत्र येऊ नयेत असे दोघे आहेत. पाण्यात घासलं की काळा रेंदा निघतो, तो बादलीत जातो.

अण्णा स्टूल घेऊन शेजारी. मी गोलगोल घासत होते.

“बाळ, गोल नको. एका दिशेनं. मग पेपर बदललास की दिशा बदल, आडवी.”

कारण साधं आहे. ३२० चे ओरखडे उभे आणि ४०० चे आडवे असले की एकही उभी रेघ उरली तर लगेच दिसते. सगळे गोल असले तर कोणता ओरखडा कोणाचा हे कळत नाही आणि बफ (फिरती कापडी चकती) मारल्यावर ३२० चे ओरखडे आरशातून वर येतात. प्रत्येक पेपरच्या आधी ते मार्करने चाकावर जाळी आखायचे. जाळी पूर्ण गेली की पुढचा पेपर. ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००. २००० पर्यंत जायची गरज वाटली नाही. १५०० नंतरचं बफ उरकतो.

सपाट भागातले उथळ खड्डे ४०० लाच गेले. प्रश्न हाताच्या भोकांच्या काठच्या पट्ट्यांचा. तिथे पिनने ०.४ ते ०.५ मिलीमीटर खोली लागली. ते पूर्ण घालवायचे तर भोवतालचा धातूही तेवढा उतरवावा लागेल, नाहीतर घळी पडतील. आणि हाताच्या भोकाचा काठ म्हणजे चाकावर ताण जिथे वळतो ती जागा. तिथे अर्धा मिलीमीटर घासणं मला पटत नाही. खड्ड्यातली पूड टोकदार नायलॉन ब्रशने काढली, काठ गोलसर केले, आणि खड्डे तसेच ठेवले.

अण्णांना हे मान्य नाही. “एवढं केलंस, आणि खड्डे दाखवत फिरणार?”

“अण्णा, जॉबनं भार तोलायचाय, तो प्रदर्शनात नाही ठेवायचा.”

“फिनिशला नाव ठेवतील.”

“कोण?”

उत्तर दिलं नाही. पण संध्याकाळी पाहिलं तर दुसऱ्या चाकावर जाळी आखून ठेवलेली होती.

२४ मे

बफ. सात इंची रोटरी पॉलिशर, वेग कमी-जास्त करता येणारा. आधी पिवळा कडक बफ आणि तपकिरी ट्रिपोली बार (पॉलिशच्या मसाल्याची कांडी), २,५०० आरपीएमच्या आसपास. मग पांढरा मऊ बफ आणि हिरवा बार, वेग त्याहून कमी.

बार बफला लावायचा तो क्षणभर. जास्त लावला की चाकावर काळे चिकट पट्टे उठतात आणि ते बाजूला काढायला दुप्पट वेळ जातो. बफची कड ज्या दिशेने फिरते तिच्या उलट पॉलिशर ओढला की कापतो. दिशेबरोबर नेला की चमक येते. दोन्ही लागतं, या क्रमाने. एका जागी रेंगाळलं की धातू तापतो. हात ठेवता येईना इतका तापला तर थांबायचं. हातमोजे घट्ट, ओढणी नाही, बाह्या दुमडलेल्या. मोकळा धागा सापडला तर बफ तो सोडत नाही.

शेवटी बारची तेलकट राख उरते. अण्णांनी स्वयंपाकघरातून मैद्याचा डबा मागितला. आईने विचारलं काय करायचंय, तर म्हणाले, “चाकाला पुरी.” चाकावर मैदा भुरभुरवून मऊ सुती फडक्याने पुसलं आणि तेल सगळं मैद्यात गेलं. इथले व्यावसायिक पॉलिशवालेही पीठच वापरतात हे मला ठाऊक होतं, उद्यमनगरातही तेच चालतं हे आज कळलं.

चाकात ढग दिसतात. खड्डेही दिसतात, जवळून. सहा फुटांवरून नाही.

७ जून

मागची बाहेरची चाकं. पुन्हा तीच टायरवाली गाडी, मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर, यावेळी आतली पोलादी चाकंही उतरवून घेतली.

या चाकांची बाहेरची बाजू खोलगट, म्हणून काम अवघड. आणि वर ते लॅकर. खालच्या रेघांना फिलिफॉर्म गंज म्हणतात. लॅकरला एक टोचा पडतो, तिथून क्षार आणि दमट हवा आत शिरते आणि गंज थराखालून दोऱ्यासारखा पुढे सरकत जातो. दोऱ्याचं डोकं जिवंत, आम्लाने भरलेलं. शेपूट म्हणजे मागे उरलेली वाळकी पूड. म्हणून वरून चमक आणि आत बिघाड. वरून आणखी लॅकर मारणं म्हणजे डोक्याला आत कोंडून ठेवणं.

लॅकर काढायला स्ट्रिपर निवडताना डब्याचा मागचा कागद वाचला. मिथिलीन क्लोराइडवाले जुने जहाल स्ट्रिपर अमेरिकेत घरगुती ग्राहकांना मिळणं २०१९ मध्येच बंद झालं. आता बेन्झिल अल्कोहोलवाले असतात, सावकाश काम करतात. कॉस्टिकवाला मात्र चुकूनही नको. ओव्हन क्लीनरने चाकाचं लॅकर निघतं असं सांगणारे भेटतात. निघतं, खरं आहे. त्यातला सोडियम हायड्रॉक्साइड लगोलग धातूलाही लागतो, फसफसून हायड्रोजन सुटतो आणि चाक काळपट, दुधी होतं. दुसऱ्या टोकाला ट्रक धुणाऱ्यांचे आम्लाचे ‘ब्राइटनर’ असतात. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते चाकाचं कवच तर खातंच, माणसालाही सोडत नाही. कातडीला लागल्यावर लगेच आग होईलच असं नाही, म्हणून जास्त धोक्याचं. माझ्या शेडमध्ये दोन्हींना प्रवेश नाही.

स्ट्रिपर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं, काही तासांनी लॅकर सुरकुतलं. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं, भरपूर पाण्याने धुतलं. रेघा ३२० ला गेल्या. फिलिफॉर्म दिसायला भयंकर, पण खोली जेमतेम. चार चाकांत हीच दोन लवकर उरकली. पुढचं सगळं वरच्यासारखं.

पोलादी चाकांच्या पाठीवर गंजाचे पापुद्रे होते. बाहेरचं अ‍ॅल्युमिनियम याच पाठीला टेकतं, दोन धातू आणि मध्ये खारं पाणी. गंज काढून प्राइमर आणि रंगाचा पातळ हात दिला. पातळ हा शब्द मुद्दाम : टेकणाऱ्या पाठीवर रंग जाड झाला तर तो नटांच्या दाबाखाली दबत जातो आणि टॉर्क उतरतो. दोन चाकांच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पातळ चकती मिळते, ती दोन्ही बाजूंना घेतली.

१४ जून

नवे टायर चढले.

व्हॉल्व्ह सगळे नवे, निकेलचा मुलामा असलेल्या पितळेचे. जुन्यांपैकी एकाच्या बुडाशी चाकाच्या भोकात पांढरी पूड आणि ओ-रिंग चपटी झालेली. तीही हळूहळू गळली असती. साधं पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं पाण्यात पटत नाही.

टायर चढवताना साबणाचं पाणी लावू नका, पाणी नसलेलं माउंटिंग ग्रीस वापरा, असं आधीच सांगितलं होतं. कारागीर तक्रार न करता तेच घेऊन आला. बॅलन्सिंगची वजनं क्लिपची नकोत, चिकटवायची, तीही आतल्या बाजूला.

हबच्या पायलट पट्ट्यांवर ग्रीसचा हात. चाकाच्या आणि हबच्या टेकणाऱ्या पाठी मात्र कोरड्या, तिथे थेंबही नको. स्टडच्या टोकाच्या आट्यांवर दोन थेंब तेल, नट आणि त्याची चकती यांच्या मध्ये दोन थेंब. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी टॉर्क रेंचने ४५० ते ५०० फूट-पौंडांच्या मध्ये. इम्पॅक्ट गनचा खडखडाट ऐकून ‘झालं’ म्हणणारा कारागीर असेल तर त्याच्या हाती रेंच द्यावा आणि बाजूला उभं राहावं. आमचा तसा नव्हता. तरी उभी राहिले.

आता धातूवर काय लावायचं? माझं मत क्लिअर कोटच्या विरुद्ध. ट्रकच्या चाकावर खडी उडतेच, टोचा पडतोच, आणि मग मागच्या चाकांची कथा पुन्हा सुरू. उघडा धातू आणि त्यावर पॉलिमर सीलंट. सीलंट झिजला की कळतो आणि फडक्याने पुन्हा लावता येतो. मेहनत जास्त आहे, हे मान्य. ज्यांना वर्षातून दोनदा चाकापाशी बसायचं नाही त्यांनी ड्युरा-ब्राइटसारखी कारखान्यातूनच संस्कार होऊन आलेली चाकं घ्यावीत आणि ती फक्त सौम्य साबणाने धुवावीत. स्टेनलेसची झाकणं ठोकून खड्डे लपवणं हा तिसरा मार्ग आहे. तो मला मार्ग वाटत नाही. झाकणामागे चिखल आणि क्षार आरामात राहतात.

२२ जून

लेक एरीच्या काठाने मार्बलहेडपर्यंत जाऊन आलो. शंभर मैलांच्या आत नट पुन्हा तपासायचे असतात, म्हणून वाटेत सँडस्कीपाशी थांबून रेंच लावला. मागच्या उजव्या बाजूचे दोन नट थोडे फिरले, बाकी जागेवर. नव्या रंगाची पाठ बसली असावी. परतल्यावर पुन्हा लावला, एकही हलला नाही.

पुढच्या डाव्याची हवा सकाळी ११०, संध्याकाळी थंड झाल्यावर ११०.

दुपारी पार्किंगमध्ये एक गृहस्थ चाकांकडे बघत थांबले आणि किती खर्च आला विचारू लागले. अण्णांनी त्यांना हाताच्या भोकांपाशी नेऊन बोटाने खड्डे दाखवले आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “बघ, विचारतात.” गृहस्थांना काय कळलं कोण जाणे, ते मान डोलावून गेले.

१९ ऑक्टोबर

शेडमध्ये घालण्याआधीची तपासणी. अण्णा-आई गेल्या आठवड्यात परतले.

हवा : पुढचं डावं १०६, पुढचं उजवं १०७, दोन्ही थंडीच्या हिशेबात बसतात. बीड सीट धरून आहे.

डाव्या चाकावर राखून ठेवलेल्या खड्ड्यांपैकी दोनांच्या तोंडाशी पांढरा ठिपका आला आहे. दोन्ही एकाच भोकाच्या खालच्या काठाला, जिथे धुतल्यावर पाणी साचतं. बाकीचे खड्डे काळसर, कोरडे, स्वस्थ. ठिपके नायलॉन ब्रशने काढले, साध्या पाण्याने धुतले, हवेच्या नळीने वाळवले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सीलंटचा थेंब आत सोडला. खोली पिनने मोजली, ०.५, मे महिन्यात होती तेवढीच.

चाकांच्या मागच्या बाजू नळीने खालून धुतल्या, त्याला पुढच्या बाजूंपेक्षा जास्त वेळ दिला. सगळ्या चाकांना सीलंटचा हात. व्हिनाइलची टायर-कव्हरं या वर्षी वापरणार नाही. शेडमध्ये ऊन नाही, आणि कव्हराच्या आत ओल धरते.

एप्रिलसाठी : त्या दोन खड्ड्यांची खोली पुन्हा मोजणे. ०.६ च्या वर गेली तर पुन्हा डीपी. आतल्या पोलादी चाकांना व्हॉल्व्हच्या लांब नळ्या बसवायच्या राहिल्या आहेत, त्या मागवणे. मैदा आणणे.